शेवटच्या खोलीचा नळ

"मुंबईसह महाराष्ट्र आणि नळासह ओटा! दोन्ही आणल्याशिवाय हा शामराव गप्प बसायचा नाही!"

लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून शामरावांनी ही गर्जना केली, तेव्हा त्यांच्या एका हातात कॅरमचा स्ट्रायकर होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी सुटत चाललेला लेंगा धरला होता. तरीही मजला दणाणला! त्या दिवसांत गर्जनांची सवयच झाली होती म्हणा. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. गिरणीतून सुटलेला माणूस घरी येऊन चहा मागायचा तोसुद्धा घोषणेच्या सुरात!

पण ओट्याची गोष्ट नवी होती. चाळीतल्या बायका जमिनीवर बसून रांधायच्या. उभं राहून स्वयंपाक करणं हे मडमांचं काम. आणि घरात नळ? अख्ख्या मजल्याला नळ एकच, जिन्याशेजारच्या सामायिक मोरीत. पहाटे यायचा आणि ऊन गॅलरीत शिरलं की जायचा.

शामरावांना एवढा चेव यायला कारण झाले नाना. नाना म्हणजे मजल्यावरचे सर्वांत वयस्क गृहस्थ. पेन्शनीत निघाल्यापासून त्यांनी दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याची पूर्ण वेळ नोकरी धरली होती. सोंगटी मारता मारता ते सहज म्हणाले, "शामराव, तुझ्या घरचं पाणी म्हणजे सार्वजनिक गणपतीची वर्गणी रे! दर बिऱ्हाडामागे एक कळशी!"

सगळे खो खो हसले. शामरावांच्या मात्र वर्मी लागलं, कारण बोलणं खरं होतं.

त्यांच्या बायकोच्या, कौसल्येच्या, काळजाची झडप अधू होती. लहानपणी सांधे धरून ताप आला, त्याने ती झडप बिघडवली, असं इस्पितळातल्या डॉक्टराने सांगितलं होतं. हंडा-कळशी उचलायची नाही. जिना होईल तेवढा टाळायचा. आणि मूलबाळ... ते त्याने शामरावांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. कौसल्येला पडद्याआडून सगळं ऐकू आलं.

तेव्हापासून मजल्यावरच्या बायकांनी तिचं पाणी आपल्याकडे घेतलं. कुणी बैठक भरवली नाही, कुणी पाळ्या लावल्या नाहीत. आपला हंडा भरला की एक कळशी कौसल्येची. ती घेऊन गॅलरीच्या पार टोकाला यायचं, तिच्या पिंपात ओतायची, आणि ओतता ओतता बोलायचं. काय काय बोलायच्या! सासूची नक्कल, नवऱ्याचं घोरणं, गावाकडच्या म्हशीचं बाळंतपण! अश्रुधूर सुटला तेव्हा याच बायकांनी त्या नळावर पदर भिजवून पोरांचे डोळे पुसले होते. ती हकिगत तर दर आठवड्याला नव्याने सांगितली जायची आणि दर आठवड्याला तिच्यातले पोलीस वाढायचे!

कौसल्या शेगडीपाशी बसून ऐकायची. शामराव भोंग्याबरोबर पहिल्या पाळीला गेले की दिवसभर घरात चिटपाखरू नसायचं. माणसाचा आवाज काय तो सकाळी, पाण्याबरोबर यायचा. कौसल्येला कुठे जाता येत नव्हतं, पण सगळी चाळ चालत तिच्याकडे येत होती.

म्हणून तिला नळ नको होता. पण हे नवऱ्याला सांगावं कसं? "अहो, कशाला उगाच व्याप?" एवढंच ती म्हणाली.

"व्याप? अगो, तोटी फिरवलीस की दारात गंगा! कुणाच्या कळशीची मिंधी राहणार नाहीस. राणीसारखी उभी राहशील, राणीसारखी!"

राणी शेगडी फुंकायला बसली.

---

पहिल्यांदा आलं ते बेसिन. थेट चोरबाजारातून! पांढरं, चिनी मातीचं, कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून निघालेलं. आणि केवढं! हातगाडीवाल्याने घाम पुसत विचारलं, "सेठ, घर में घोडा पाला है क्या?"

चार माणसांनी ते जिन्याने वर चढवायला घेतलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते अडकलं ते अडकलंच. वरचे वर, खालचे खाली, मधे साहेबाचं बेसिन! कामावरून आलेली माणसं डबे हातात धरून जिन्यात ताटकळली. नाना कठड्यावरून हुकूम सोडत होते, "डावीकडे घ्या! अरे, तुमचं डावं नव्हे, माझं डावं!" शेवटी जिन्याच्या कठड्याचे दोन गज धारातीर्थी पडले, तेव्हा कुठे ते सुटलं.

मग कडप्प्याचा उभा ओटा बांधला. त्यात बेसिन बसलं आणि शामरावांची खाट बसेना! ते ओट्याखाली पाय घालून झोपू लागले. "महाल राणीचा असला की राजाने पाय आखडायचे असतात," असं वर सांगायचे. सकाळी उठताना रोज गुडघा कडप्प्यावर आपटायचा आणि राजाच्या तोंडून खास लालबागी शब्द बाहेर पडायचा.

कौसल्येला उभं राहून काही जमेना. पीठ मळलं की कमरेत कळ, भाकरी थापली की ती कडप्प्याच्या कडेवरून खाली. शेवटी तिने काय करावं? स्टुलावर पाय देऊन ती सरळ ओट्यावर चढून बसली आणि मांडी घालून, परात पुढ्यात ओढून, भाकऱ्या थापू लागली!

तेवढ्यात बकुळा पाणी घेऊन आली. बघते तर काय!

"अगो बाय माझे! देवळातली देवी बसली जणू! थांब, नारळ आणते. कौल लावू काय?"

दोघी इतक्या हसल्या की कौसल्येला दम लागला. बकुळाने तिला हाताला धरून खाली उतरवलं, पाठ चोळली आणि उरलेल्या भाकऱ्या स्वतः थापून दिल्या.

या बकुळाबद्दल सांगायलाच हवं. जिन्याच्या पलीकडच्या अंगाला तिची एकटीची खोली. नवरा गेल्यावर तिने खाणावळ घातली. गावी बायका-पोरं ठेवून आलेले गिरणीतले गडी तिच्याकडे जेवायचे. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गड्यांचे डबे करायची आणि मजल्यावरची पहिली कळशी कौसल्येच्या पिंपात तिचीच पडायची. बाकीच्या बायका कधी पाहुणे, कधी दुखणं म्हणून चुकायच्या. बकुळा चुकली असं झालं नाही.

---

पाईप घालायला आला धोंडू मेस्त्री. मलबार हिलच्या बंगल्यांतले सगळे नळ आपल्या हाताखालून गेल्याचं तो बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकायचा. मालकाच्या, भाडं गोळा करणाऱ्या मेहत्याने दोन कप चहा पिऊन दुसरीकडे बघण्याचं कबूल केलं आणि कामाला सुरुवात झाली.

आता, पाईप काही आकाशातून नेता येत नाही. जिन्याशेजारच्या मोरीतून निघून टोकाच्या खोलीपर्यंत तो गॅलरीतूनच न्यायचा. म्हणजे सगळ्यांच्या दारांवरून!

पहिलं दार नानांचं. "ने की पाईप, जरूर ने," नाना म्हणाले. "शेजारधर्म आहे. जाता जाता आमच्या भिंतीत एक टी मारून जा म्हणजे झालं."

टी म्हणजे तीन तोंडांचा जोड. पाणी पुढेही जातं आणि बाजूला एक तोटीही निघते. शामराव म्हणाले, एकच टी तर आहे!

पुढच्या दारातून मीराबाई पदर खोचून बाहेर आल्या. "नानांना टी, आणि आम्ही काय तुमच्या पाईपावर फडकी वाळत घालायची?"

त्यांना टी दिला. मग शेजारच्या कमलाबाईंना दिला. मग पुढच्या दाराला. मग त्याच्या पुढच्या. दर टीमागे धोंडू मेस्त्री आटे पाडायचा, सुतळी गुंडाळायचा, जोड गळू नये म्हणून सफेता फासायचा आणि म्हणायचा, "शामराव, हा पाईप नाय ऱ्हायला आता. कंगवा झाला!"

त्यातच मीराबाईंची तोटी कमलाबाईंच्या भिंतीत बोटभर सरकली. झालं! सीमावाद पेटला! "आमचा भाग आम्हांला परत द्या!" "इंचभर देणार नाही!" नाना म्हणाले, आयोग नेमा. आयोगावर एकमेव सभासद, अर्थात नाना. त्यांनी दोन्ही घरी खोबऱ्याच्या वड्या खाल्ल्या आणि निकाल राखून ठेवला.

शामराव गॅलरीत येरझारा घालत होते. "अरे, पण माझ्या खोलीचं काय?"

"तुझी खोली म्हणजे बेळगाव," नाना म्हणाले. "आधी बाकीच्यांचं होऊ दे, मग बेळगावचं बघू."

"बेळगावसह झालंच पाहिजे!" शामराव ओरडले. त्यावर सगळा मजला सवयीने "झालंच पाहिजे!" म्हणाला आणि आपापल्या घरात नवी तोटी उघडून बघायला गेला.

पाडव्याच्या आधी पाईप एकदाचा टोकाला पोचला. शामराव कामावर होते. धोंडूने ओट्याखाली वाकून कौसल्येला एक पितळी कॉक दाखवला. "वैनी, नळ गळायला लागला तर हा असा फिरवायचा. पाणी इथंच बंद." कौसल्येने मान डोलावली. पिठाचा डबा ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो तिने कॉकच्या पुढ्यात सरकवला.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, शामराव गेले. कौसल्येने देवाला हळदकुंकू वाहिलं, नळालाही वाहिलं आणि तोटी फिरवली.

आधी नळ खोकला. मग शिंकला. मग तांबडंलाल गंजाचं पाणी ओकला. आणि मग स्वच्छ, जाड, पांढरी धार बेसिनमध्ये पडू लागली!

कौसल्या बघत राहिली. खरंच की हो, गंगा! तिने बोटं धारेखाली धरली. नवऱ्याने बिचाऱ्याने किती केलं, असं मनात आलं आणि डोळे भरून आले.

आणि मग तिला ऐकू आलं... म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. गॅलरीत पाऊल वाजत नव्हतं. मीराबाईंच्या घरात नळ वाहत होता, कमलाबाईंच्या घरात वाहत होता. भांड्यांचे आवाज भिंतींआडून येत होते. एरवी एवढ्यात दोघी-तिघी येऊन जायच्या. आज कुणी आलं नाही. कशाला येतील? त्यांच्या घरी नळ, हिच्या घरी नळ.

धार पडत होती आणि कौसल्या दाराकडे बघत उभी होती.

तेवढ्यात दूरवरून पावलं वाजली. ओळखीची, भरल्या कळशीखाली जड पडणारी. बकुळा! तिच्या खोलीवरून पाईप गेलाच नव्हता, त्यामुळे ती आपली सामायिक नळावरच भरत होती, आणि तिथली धार बारीक झाल्याने आज तिला उशीर झाला होता.

कौसल्येने काय केलं ते तिला स्वतःलाही नीट कळलं नाही. ती खाली वाकली, पिठाचा डबा सरकवला आणि कॉक फिरवला. धार तुटली.

"काय गो, आला काय तुझा नळ? म्हटलं, नसला आला तर असू दे एक कळशी."

"कुठचा येतोय!" कौसल्या म्हणाली. "नुसती हवा सोडतो मेला."

"तरी मी म्हटलं, त्या धोंडूचं काय खरं नाय," असं म्हणून बकुळाने कळशी पिंपात ओतली आणि उंबऱ्यावर टेकून तिच्या गड्यांपैकी एकाची गंमत सांगायला लागली.

कौसल्येने पोटभर ऐकून घेतलं. एक दिवस, असं ती मनाशी म्हणाली. उद्या सांगू, पाणी आलं म्हणून.

---

पण उद्या सांगायच्या आधी, नळ कोरडा असल्याचं बकुळाकडून कळलं म्हणून शामरावांनी धोंडूला पकडून आणलं. दुपारची वेळ. पाणी केव्हाच गेलेलं! कौसल्येने घाईघाईने कॉक उघडून ठेवला होता. धोंडूने कॉक तपासला, ठीक. तोटी तपासली, ठीक. मग डॉक्टरासारखा पाईपाला कान लावून बराच वेळ डोळे मिटून राहिला.

"हवा धरलीय," तो म्हणाला. "मलबार हिलला पण एका पाईपाला अशीच धरली होती."

"मग?"

"मग काय! सुटंल आपोआप."

हवा काही सुटेना. रविवारी शामरावांनी स्वतः सकाळी नळ उघडून बघितला. कोरडा! शेजारच्या खोलीतून मात्र बदाबदा पाणी पडल्याचा आवाज. शामरावांचं डोकं फिरलं. गुडघा चोळत ते गॅलरीत आले.

"पाईप माझा, घाम माझा, आणि पाणी तुम्ही पिता! चोर आहात सगळे! टी काढा, सगळे टी काढा!"

"चोर कुणाला म्हणतोस रे?" नाना बाहेर आले. "तुझ्या बायकोला इतकी वर्षं पाणी कुणी पाजलं?"

"आमची कंबर मोडेपर्यंत वाहिलं की!" मीराबाई म्हणाल्या.

"नका ना वाहू! कुणी सांगितलंय?"

"नाहीच वाहणार!"

आतमध्ये कौसल्या ओट्याला टेकून उभी होती. बाहेर जाऊन दोन शब्द बोलली असती तर सगळं मिटलं असतं. पण ते दोन शब्द आता बाहेर कसे काढायचे? नवरा तिच्यासाठी सगळ्या मजल्याशी भांडत होता. आता म्हणायचं, अहो, थांबा, नळ चांगला चालतो?

नळ चालत नाही हे कळल्यावर मीराबाई, कमलाबाई मधून मधून आठवणीने एखादी कळशी आणत होत्या, त्यांनी त्या दिवसापासून पाऊल टाकलं नाही. उलट गॅलरीत कौसल्या दिसली की दार लावून घेऊ लागल्या. उरली एकटी बकुळा.

आणि बकुळाचेच हाल सुरू झाले. पाणी आधी नव्या पाईपात शिरत होतं आणि घरोघरी टी फुटले होते, त्यामुळे सामायिक नळाची धार करंगळीएवढी झाली होती. त्या धारेखाली हंडा लावला तर गड्यांचे डबे व्हायचे कधी? दुसऱ्याच्या मोरीत भांडं लावायचं तिच्या स्वभावात नव्हतं. ती खाली अंगणातल्या नळावर जाऊ लागली. तीन जिने उतरून, तीन जिने चढून. स्वतःचा हंडा, आणि वर कौसल्येची कळशी.

"बकुळा, नको गो आणूस. मी भागवीन कसंतरी."

"काय पिशील? हवा?"

उद्या सांगते, असं कौसल्या रोज ठरवायची. ओठावर आणायची. पण बकुळा धापा टाकत येऊन उंबऱ्यावर टेकली, पदराने मान पुसली आणि "ऐक गो काल काय झालं," म्हणाली, की कौसल्येचे ओठ मिटायचे.

एके सकाळी बकुळा आली नाही. कौसल्येने दारात उभं राहून खूप वाट बघितली. मग जिन्यात गलका झाला. जिन्याला जिथे दोन गज नव्हते, त्याच वळणावर ओल्या पायरीवरून बकुळाचा पाय सटकला. हंडा वाजत वाजत तळमजल्यापर्यंत गेला. बकुळा मधेच राहिली, पण तिचं उजवं मनगट मोडलं.

हाताला प्लास्टर घालून ती परत आली. आता एका हाताने भाकऱ्या कशा थापायच्या? गडी चार दिवस थांबले, बाजारचे पाव खाल्ले आणि मग एकेक करून दुसऱ्या खाणावळीकडे वळले. त्यांचा तरी काय दोष! भूक लागली म्हणून गिरणीची पाळी चुकवता येत नाही.

कौसल्या भिंतीला धरत धरत तिच्याकडे गेली. "मी थापते गो भाकऱ्या."

"तू? अर्ध्या भाकरीत तुझा जीव निघंल. जा, पड जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात परत पाऊल वाजलं. बकुळा! डाव्या हातात तांब्या, भरलेला.

"कळशी नाय जमत," ती म्हणाली. "चहापुरतं आणलंय."

त्या दिवशी कौसल्येने ठरवलंच होतं. तोंड उघडलं. "बकुळा, मला तुला..."

"बोलू नको. दम लागलाय तुला, दिसतंय की."

आणि आता सांगायचं तरी काय? आज पाणी आलं म्हटलं तर, माझा हात मोडायची वाट बघत होता काय तुझा नळ, असं ती म्हणाली असती. कौसल्येने त्या तांब्यातल्या पाण्याचा चहा केला. दोघींनी प्यायला.

---

आणि मग तो मे महिन्याचा पहिला रविवार उजाडला! महाराष्ट्र झाला! गॅलरीभर कंदील, दारोदार तोरणं, अंगणात रांगोळी. पेढ्यांचे पुडे इकडून तिकडे फिरत होते. एवढे दिवस एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली माणसं गळ्यात पडत होती. नानांनी आयोग बरखास्त केला. मीराबाईंनी कमलाबाईंना बोटभर भिंत माफ केली. आणि शामरावांनी नानांच्या तोंडात पेढा कोंबून झालं गेलं विसरून गेल्याचं जाहीर केलं.

"आज माझ्या नळाचा पण निकाल लावतो!" ते म्हणाले आणि पाणी जायच्या आत धोंडू मेस्त्रीला अंथरुणातून उठवून घेऊन आले. कौसल्येला पत्ताच नाही! ती देवापुढे निरांजन लावत होती, तोच खोलीत सगळा मजला शिरला. पुढे धोंडू, मागे शामराव, त्यांच्यामागे नवी कोरी टोपी घातलेले नाना आणि दारात बायकांची गर्दी.

"बाजूला व्हा वैनी!" म्हणून धोंडू ओट्याखाली घुसला. पिठाचा डबा सरकल्याचा आवाज आला. कौसल्येने देव्हाऱ्याची कड घट्ट धरली.

"ऑ?" ओट्याखालून आवाज आला. "हा कॉक बंद कुणी केला?"

आणि त्याने तो उघडला.

शामरावांनी मघाशीच वर तोटी पूर्ण फिरवून ठेवली होती. अशी धार सुटली, अशी धार सुटली की बेसिनच्या तळावर आपटून थेट नानांच्या तोंडावर! नवी टोपी चिंब! मीराबाई किंचाळल्या, पेढे भिजले, निरांजन विझलं. आणि मग हास्याचा असा गडगडाट झाला की खालच्या मजल्यावरची माणसं वर धावत आली.

"मिळालं!" नाना तोंड पुसत ओरडले. "सरकारला जमलं नाही, पण आपलं बेळगाव मिळालं रे!"

"धोंड्या, लेका, कॉक उघडायला विसरलास होय?" शामरावांनी त्याच्या पाठीत दणका घातला. "आणि मी सगळ्यांशी भांडत सुटलो!"

"मी नाय विसरलो! आईची शपथ! उघडा होता. विचारा वैनीला!"

"मलबार हिलला पण असाच विसरला असेल!" कुणीतरी म्हणालं आणि परत सगळे हसत सुटले. धोंडू शपथांवर शपथा घेत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. कौसल्याही काही बोलली नाही.

फक्त बकुळा हसत नव्हती. ती दारात उभी होती, एक हात प्लास्टरात, दुसऱ्या हातात तांब्या. ती खाली वाकून ओट्याखाली बघत होती. पाईपावर पिठाचा पांढरा थर बसला होता. कॉक तेवढा स्वच्छ होता. देवघरातल्या घंटेच्या मुठीसारखा, रोज हात लागून लागून लखलखीत.

तिने मान वर केली आणि कौसल्येकडे बघितलं. फार वेळ नाही. मग तांब्या ओट्यावर ठेवला, एक थेंबही न सांडता, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शामराव कामाला गेल्यावर कौसल्येने एक कळशी भरली. आपल्या नळावर. आणि ती उचलली. नानांच्या दारापाशी छातीत धडधड इतकी वाढली की कळशी खाली ठेवून भिंतीला टेकावं लागलं. पुन्हा उचलली. बकुळाच्या दारात पोचली तेव्हा ओठ निळे पडले होते.

बकुळा डाव्या हाताने तांदूळ निवडत बसली होती. तिने कौसल्येला बघितलं, कळशी बघितली, आणि उठून आधी तिला खाली बसवलं. पाठ चोळली.

"मरायचंय काय?" मग म्हणाली.

"मीच बंद करत होते," कौसल्या म्हणाली. "रोज. तू यावंस म्हणून."

बकुळाचा हात पाठीवर थांबला. बाहेर कुणीतरी कालचे कंदील काढत होतं.

"मला सांगितलं असतंस," बकुळा म्हणाली, "तर रिकामा हंडा घेऊन मीच आले असते गो तुझ्याकडे भरायला. रोज आले असते. तीन जिने उतरण्यापेक्षा!"

हे कौसल्येला सुचलंच नव्हतं! इतके दिवस, इतक्या सकाळी गेल्या, एकदाही सुचलं नव्हतं. तिला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. बकुळाला यातलं काहीच आलं नाही. तिने कळशी आत नेऊन ठेवली आणि परत तांदूळ निवडायला बसली.

प्लास्टर निघालं. मनगट थोडं वाकडंच जुळलं. गडी काही परत आले, काही नाही आले. शामराव येणाऱ्या-जाणाऱ्याला नळ उघडून दाखवायचे, आणि प्रत्येकाला धोंडूच्या विसरभोळेपणाची गोष्ट सांगायचे. कौसल्या रोज पहाटे दार उघडून ठेवायची.

एका सकाळी बकुळा आली. हातात रिकामा हंडा होता. कौसल्या लगबगीने पुढे झाली. पण बकुळा उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, आणि तिने विचारलं, "येऊ काय?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. कौसल्येने चटकन पाहुण्यांसाठी ठेवलेली सतरंजी काढली आणि अंथरली. बकुळा सतरंजीवर बसली, कडेला, हंडा भरेपर्यंत. नळाला पाणी इतकं जोरात होतं की तो लगेच भरला.